वानराने बदललेला खेळ

मुलांनो, एका जंगलात एक वानर आणि एक मैना जोडीने राहत असत. राहत असत म्हणण्यापेक्षा हिंडत असत, असेच म्हणायला हवे. वानराने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या केल्या होत्या. पावसाळा सरला की त्यांचे गाठोडे पाठीवर टाकून तो माळामाळांवर जाई आणि पिल्लांसाठी खेळ मांडी. दोऱ्या तो ओढी, आवाज मैना काढी. हरणांच्या माळावर पाडसाचा खेळ फार आवडता होता. त्यात लाकडी लांडगा गोड आवाजात म्हणे, "ये बाळा, तुला पाणी दाखवतो." त्याबरोबर लाकडी पाडस गवतात अंग टाकून निपचित पडे. समोर बसलेली खरी पाडसेही खिदळत तसेच अंग टाकत. आपण शंभरदा सांगून जे होत नाही ते खेळ बघून होते, म्हणून हरण्या खूश असत.

एके वर्षी माळाकडे जाणाऱ्या खिंडीत खराखुरा लांडगा आडवा आला. "तुझ्या खेळात मी दुष्ट का?" त्याने विचारले. "पिल्ले मला बघून लपतात. मनाला फार लागते रे." वानर घाबरून दोन पावले मागे सरला. त्याच्याभोवती एक फेरी मारून लांडगा हळूच म्हणाला, "खेळ बदल, आणि या खिंडीतून खुशाल ये-जा कर. नाहीतर हे गाठोडे इथेच राहील, आणि तूही."

लांडगा गेल्यावर मैना म्हणाली, "हे बरे नव्हे. पोरे आपले खरे मानतात."

"अगं, खेळच तर आहे," वानर म्हणाला. "आधी जीव तर वाचू दे."

त्या संध्याकाळी लाकडी लांडग्याने 'मी तुझा मामा' म्हणत पाडसाला पाठीवर घेऊन तळ्यावर नेले आणि दोघे नाचले. मैनेने नाइलाजाने आवाज दिला. पाडसे तर उड्याच मारू लागली. "पुन्हा! पुन्हा!" एवढी दाद वानराला कधी मिळाली नव्हती. एक म्हातारी हरणी तेवढी म्हणाली, "वानरभाऊ, जुना खेळ बरा होता." वानर हसला. "ताई, पोरांना आता असलेच आवडते."

पुढच्या वर्षी तो माळावर आला. मैनेने हाका मारल्या, पण एकही पाडस धावत आले नाही. तीच म्हातारी हरणी सावकाश पुढे आली.

"पोरे कुठे गेली?" वानराने विचारले.

"लांडगा आला तेव्हा आम्ही ओरडलो, 'अंग टाका!' एकानेही टाकले नाही. 'हा तर खेळातला मामा,' म्हणाली, आणि त्याच्यामागून तळ्याकडे गेली."

वानर मटकन खाली बसला. "असे होईल हे मला ठाऊक नव्हते गं."

"लांडगा काय करतो हे ठाऊक नव्हते, तर खिंडीत घाबरलास कशाला?" हरणी म्हणाली. "मैनेने गेल्या वर्षी जातानाच सांगितले मला सगळे."

वानर घाईघाईने गाठोडे सोडू लागला. "जुना खेळ दाखवतो. आत्ताच्या आत्ता दाखवतो."

"कुणाला?" हरणीने विचारले.

वानराने गाठोडे पुन्हा बांधले आणि तो शेजारच्या माळावर गेला. बातमी तिथे आधीच पोचली होती. पिल्लांना मागे सारून आया रांगेने उभ्या राहिल्या. मैना उडत पुढे झाली. "यातला लांडगा दुष्टच आहे. एकदा बघू द्या पिल्लांना, त्यांचा जीव वाचेल," ती कळवळून म्हणाली.

"गोड बोलणारा तो लांडग्याचा आवाज तुझाच होता ना?" एका आईने विचारले.

आया पिल्लांना घेऊन निघून गेल्या.

तात्पर्य : आपला जीव वाचवण्यासाठी लहानांपुढे खोटे रंगवू नये, त्याची किंमत लहानांना मोजावी लागते, आणि मग खरे सांगितले तरी कोणी ऐकत नाही.