ठिपकीने तोडलेला धागा

रानात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. आठ पायांच्या कोळिणींनी झाडाझाडांमध्ये धागे ताणले होते. एकीला काही उमगलं, की धागा थरथरे आणि क्षणात साऱ्याजणींना कळे.

करंजावरच्या ठिपकीला मात्र धास्ती. "याच धाग्यावरून उद्या माझ्या माश्या पळवाल!" म्हणत तिने आपला धागा तोडला.

"अगं, मग तुला कळवायचं कसं?" शेजारीण म्हणाली.

"माझं मी बघेन!"

एका दुपारी कोळिणींना उचलून नेणारी कुंभारीण माशी आली. तिला फक्त हलणारं दिसतं, हे दूरच्या उंबरावरच्या कोळिणीला उमगलं आणि धागे थरथरले. साऱ्याजणी मेल्यागत निपचित पडल्या.

"अगं बायांनो, झालं तरी काय?" ठिपकी घाबरून जाळ्यावर सैरावैरा धावू लागली.

मागून गुणगुण जवळ आली आणि तिच्याच जाळ्यापाशी थांबली.