बुवांची खोली

"पण बुवा, स्वतःच्या जागेत स्वतःच्या हातानं घर बांधायचं, तर त्याला दुसऱ्याची परवानगी हवीच कशाला?"

असं विचारून, उत्तराची वाटही न बघता, रंगरावमास्तरांनी लिंबाजीबुवांच्या पायांवर पाणी घातलं. मास्तरांच्या नव्या घराची वास्तुशांती होती आणि बुवा डोंगरावरच्या मठातून चालत आले होते.

"मिळाली का?" बुवांनी विचारलं.

"मिळाली की! नकाशासुद्धा मीच काढला. पाया मी भरला, विटा मी रचल्या. गवंडी हसायचे, म्हणायचे, खडू धरणारा हात थापी काय धरणार! आता तेच येऊन ओळंबा लावून बघतात आणि गुमान जातात."

मास्तरांची मान ताठ होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनची दोन वर्षं त्यांनी या भिंतींत घातली होती. गावानं वाहवा केली, पण गावाचं काय घेऊन बसलात! मास्तरांना शाबासकी हवी होती ती बुवांची.

"आणि ही कडेची खोली खास आपल्यासाठी. यंदाचा चातुर्मास इथंच करायचा, बुवा. नाही म्हणायचं नाही."

बुवा ओटीवर चौकटीत लावलेल्या नकाशापुढं उभे राहिले. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"ही खोली यात नाही."

"ती मागाहून सुचली," मास्तर हसले. "परवानगीच्या कागदात त्या बाजूला पाच फूट मोकळे सोडा म्हटलं होतं. उगाच गवत माजायचं. जागा माझीच, म्हटलं घ्यावी आत. साधूला पाच फूट पुरे."

बुवा नकाशापुढून बाजूला झाले.

भटजींनी दुधापाण्याचा तांब्या मास्तरांच्या हातात दिला. वास्तुशांतीला घराभोवती धार धरत फिरायचं असतं आणि ती तुटू द्यायची नसते. मास्तर पुढं, बुवा मागं. तीन बाजू झोकात झाल्या.

चौथ्या कोपऱ्यावर मास्तर थबकले. नव्या खोलीची भिंत शेजारच्या तानूआक्कांच्या भिंतीला जाऊन चिकटली होती. मध्ये हात शिरायलाही जागा नव्हती. धार मास्तरांच्या पायाशीच पडत राहिली.

"थांबलास का?"

"वाट नाही, बुवा."

"मग माग."

"काय मागू?"

"परवानगी."

मास्तरांचे कान तापले. पण धार चालू होती आणि मागं सगळी पाहुणेमंडळी बघत होती. त्यांनी शेजारचं दार पायानंच ढकललं. "आक्का… जरा तुमच्या घरातून जाऊ का?"

"या की मास्तर, इचारायचं काय त्यात?" तानूआक्का पदर सावरत बाजूला झाल्या.

आत स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत ओली होती. गिलावा फुगून पोपडे सुटले होते. चूल जागेवर नव्हती, बाहेर सोप्यात मांडली होती.

"हे कधीपासून?" मास्तरांचा आवाज खाली आला.

"गेल्या पावसाळ्यापास्नं. तुमच्या पत्र्याचं पानी समदं हिकडंच पडतंय न्हवं. मग चूल उचलून सोप्यात न्हेली."

"मग बोलला का नाही मला?"

"तुमी शिकल्यालं मानूस. कागद वाचूनच बांधलं आसंल म्हनलं." आक्का साधेपणानं म्हणाल्या. "मला कुठं वाचाय येतंय?"

…

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना उलटून बोलता तरी आलं असतं. तीस वर्षं त्यांनी पोरांना बजावलं होतं, आधी नीट वाचा, मग लिहायला घ्या. ओल्या भिंतीकडं बघवेना, आणि आक्कांकडं तर त्याहून बघवेना.

तांब्या कधी कलंडला, त्यांना कळलंही नाही. धार आक्कांच्या स्वयंपाकघरातच तुटली.

ते परसदारानं बाहेर पडले आणि आपल्या घराच्या मागच्या अंगाला विटांच्या ढिगावर बसले. बुवा शेजारी येऊन उभे राहिले.

"लाज वाटते, बुवा. शाबासकी मागत होतो मी तुमच्याकडं."

मास्तरांनी रिकामा तांब्या विटांवर ठेवला.

"तुमच्या नावावर म्हातारीची चूल उठवली… आता इथं राहा, असं कुठल्या तोंडानं म्हणू? तुम्ही मठातच जा."

"जातो कशाला?" बुवा म्हणाले. भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली आणि मास्तरांच्या मांडीवर आडवी ठेवली.

"चातुर्मास इथंच करीन. माझ्याच खोलीत राहीन… आधी तिच्या भिंती तेवढ्या काढ."