सातूच्या पिकातून उगवलेली वाट

फार पूर्वी मिथिलेत विजितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व वेतवाडी नावाच्या गावात एका वाटराख्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव क्षेमक. बाप गेल्यावर गावच्या पायवाटा राखण्याचे काम त्याच्याकडे आले. वाढलेले गवत काढायचे, ओढ्यातले वाहून गेलेले दगड पुन्हा बसवायचे, आडव्या आलेल्या फांद्या कोयत्याने छाटायच्या. वाट किती रुंद हवी, हे बापाने त्याला शिकवले होते. चौघांना बाज खांद्यावर घेऊन चालता यावे, एवढी. आजारी माणसाला तेवढी पुरते, आणि मेलेल्यालाही.

ओढ्यापलीकडे बुरुडांची वीस घरे होती. ते सुपे आणि टोपल्या विणून पोट भरीत. गावात येण्याची त्यांची वाट गृहपती वसुदत्ताच्या शेतातून जाई. विहीर, बाजार, सुईण, सगळे अलीकडच्या काठावर. ही वाट सोडली तर टेकडीला वळसा घालून यावे लागे, आणि त्यात अर्धा दिवस मोडे.

त्या गावात एक रीत होती. मळणीच्या वेळी गुरे खळ्यात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्याने वाटेवर तीन दिवस बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकाव्या आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या हाताने काढाव्या. वसुदत्ताने पहिल्या वर्षी बोराट्या पंधरा दिवस ठेवल्या. दुसऱ्या वर्षी दोन महिने. तिसऱ्या वर्षी त्या काढल्याच नाहीत, आणि पेरणीला त्याने वाटेवरून नांगर फिरवून सातू पेरला.

गावातले कोणी बोलले नाही. वसुदत्ताचे खळे मोठे होते, आणि सगळे गाव त्याच खळ्यावर मळणी करी. क्षेमकही बोलला नव्हता. तो भिडस्त होता. मोठ्या माणसासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे. आज उद्या काढतील, असे तो स्वतःला सांगत राहिला.

त्या तिसऱ्या वर्षीच बुरुडांची सून कालिका बाळंतपणाला अडली. चौघे बाज घेऊन बोराट्यांपर्यंत आले, तिथून परत फिरले आणि टेकडीच्या वळशाने निघाले. सुईणीच्या दारात पोहोचले तेव्हा कालिका जिवंत होती. मूल नव्हते.

वर्षभराने कालिकेला पुन्हा दिवस भरत आले. तिची सासू सोमा टेकडी चढून, उतरून क्षेमकाच्या दारात आली.

"क्षेमका, तो कोयता कमरेला नुसता मिरवायला लावलास काय रे?"

"आत्याबाई, मी..."

"आत्याबाई म्हणू नकोस. मागल्या वेळी माझं नातवंड तुझ्या वाटेवर मेलं. तुझी वाट म्हणजे ती टेकडी, नाही का? आता तीच राखतोस ना?"

क्षेमक उठला आणि थेट वसुदत्ताच्या ओसरीवर गेला. वसुदत्ताने त्याला प्रेमाने बसवले.

"अरे, वाटेचं एवढं काय घेऊन बसलास? राजा पुढच्या आठवड्यात या बाजूला येतोय. कोणी विचारलं तर एवढंच सांग, की इथे वाट कधी नव्हती. वाटराख्याचा शब्द राजदरबारात चालतो. नदीकाठचा मळा तुझ्या नावे करून देतो. जन्मभर गवत उपटत बसणार आहेस काय?"

"आणि कालिका?"

"कोण कालिका?"

हे ऐकून बोधिसत्त्व उठून उभा राहिला. ज्या बाईचे मूल आपल्या बोराट्यांपायी गेले, तिचे नावही या माणसाला ठाऊक नव्हते.

"मळा तुमचा तुम्हाला ठेवा, गृहपती," तो म्हणाला. "माझी साक्ष मी राजापुढे देईन."

राजा हत्तीवर बसून आला. क्षेमकाने शेताच्या बांधावर त्याची वाट अडवली आणि हात जोडून सगळे सांगितले. आपली चूकही सांगितली. "तीन दिवसांचे पंधरा झाले तेव्हाच मी बोलायला हवं होतं, महाराज. मला भीड पडली."

वसुदत्त हसला. "महाराज, याला मळा हवा होता, मी दिला नाही. म्हणून हे चाललंय. गाव समोर उभं आहे, विचारा."

राजाने विचारले. गावचा म्हातारा कुंभार म्हणाला, "आम्हाला काही आठवत नाही, महाराज." सुतार म्हणाला, "असेल, नसेल." बाकीचे पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिले. याच लोकांनी त्या वाटेवरून बुरुडांच्या टोपल्या आणल्या होत्या. त्यांच्या घरातली कितीतरी लेकरे त्याच वाटेवर चालायला शिकली होती.

"माणसं विसरली," क्षेमक म्हणाला. "जमीन विसरली नाही. महाराज, खाली उतरू नका. तिथूनच सातूकडे पाहा."

राजाने हत्तीवरून पाहिले. कमरेइतका हिरवागार सातू डुलत होता. त्या हिरव्यातून एक फिकट पट्टा सरळ गेला होता. त्या पट्ट्यातला सातू गुडघ्याएवढाही वाढला नव्हता. पट्टा ओढ्यातल्या दगडांपाशी सुरू होऊन सुईणीच्या झोपडीपाशी संपत होता. रुंदी बरोबर चौघांच्या बाजेएवढी.

"गृहपती," राजा म्हणाला, "इथे वाट नव्हती, तर मग ही माती कोणाच्या पायांनी तुडवली, की तिच्यात सातू खुजा राहिला?"

वसुदत्ताचा चेहरा उतरला. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, चुकलो. वाट देतो. फक्त हे पीक निघू द्या. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

राजाला ते रास्त वाटले. तो होकार देणार, एवढ्यात क्षेमक ओरडला. जन्मात पहिल्यांदाच तो एवढ्या मोठ्याने बोलला.

"महाराज, तीन दिवसांची तीन वर्षं अशीच झाली! कालिकेचे दिवस भरलेत. ते बाळ याच्या कापणीसाठी थांबणार आहे काय?"

गर्दीतून पुढे येऊन सोमाने क्षेमकाच्या कमरेचा कोयता ओढून घेतला आणि ती सातूत शिरली. राजाने तिला अडवले नाही. उलट सेवकांना तो म्हणाला, "तिच्या मागे जा. आजच्या आज." थोड्या वेळाने कुंभार विळा घेऊन आला. मग सुतार आला. दिवस मावळण्याआधी वाट मोकळी झाली.

चौथ्या दिवशी चौघे बाज घेऊन त्या वाटेने आले. कालिकेला मुलगी झाली. ती मोठ्याने रडली, आणि ते रडणे ओढ्यापलीकडे ऐकू गेले.

भगवान शास्त्यांनी विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगितली ती एका प्रसंगावरून. विहारामागच्या पायवाटेवर एका धनिकाने कुंपण घातले होते, आणि पलीकडच्या पाड्यातल्या बायकांना पाण्यासाठी दूरवर फिरून जावे लागत होते. भिक्षू आपसात त्याला नावे ठेवीत होते. अखेर त्यांनी ते शास्त्यांच्या कानावर घातले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वसुदत्त म्हणजे आजचा हा धनिक. राजा म्हणजे भिक्षू सुमन. सोमा म्हणजे काल आपल्या दाराशी येऊन भांडून गेलेली ती पाणक्याची बायको. क्षेमक मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "आणि भगवन्, अंगठ्याने माती उकरीत उभे राहिलेले ते गावकरी?"

शास्त्यांनी सभेवरून नजर फिरवली.

"ते तुम्ही होता. कुंपण घालून महिना झाला. तुम्ही मला आज सांगता आहात."

भिक्षू उठले. कुंपणापाशी गेले आणि ते काढायला त्यांनी धनिकाला सांगितले. दुसऱ्याची वाट अडलेली दिसताच बोलावे, भीड सोडून बोलावे. त्या जन्मी बोधिसत्त्वाने उशिरा का होईना, पण पूर्ण केलेली ही सत्याची पारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण आचरण, होय.