सोन्याचं झाकण आणि बिनवासाचा पाहुणा

एका राज्यात उन्हाळा दीड महिन्याचा आणि बाकी सगळी थंडीच थंडी. तिथल्या महालात एक लोखंडी चूल होती, चांगली हत्तीएवढी. एका मांत्रिकानं ती घडवली होती. तिचं धुराडं पार छपरावर निघे आणि त्याच्यावर सोन्याचं झाकण होतं. चुलीत निखारे पडले की शिंग फुंकायचं अन् झाकण खाली सोडून धुराडं बंद करायचं, म्हणजे ऊब बाहेर जायला नको, अशी तीन पिढ्यांची रीत. खिडक्यांच्या फटीसुद्धा लोकरीनं बुजवलेल्या. ऊब म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला आपणहून वाट कोण दाखवतो?

पण दर थंडीत महालातलं कुणीतरी झोपायचं ते उठायचंच नाही. ना ताप, ना जखम, गाल मात्र लाललाल. आधी सेनापती गेला, मग पुरोहित, गेल्या साली तर खुद्द राणी. मांत्रिकाचा शाप, दुसरं काय, असं जो तो म्हणे.

त्या दिवशी दुपार झाली तरी राजकन्या मृणालिका उठेना. चुलीच्या कामावर भिवरा नावाची बाई होती. तिला ओढत राजापुढं आणलं.

राजा चंडकेतू म्हणाला, "चूल तू पेटवतेस. दिवस मावळायच्या आत माझी लेक उठव. नाही उठली, तर तुझं मुंडकं उडेल."

भिवराच्या पायांखालची जमीनच सरकली. ज्या पोरीला आपण न्हाऊमाखू घातलं, ती आपण पेटवलेल्या चुलीनं मरते? तिला मुंडक्याची भीती वाटलीच, पण या विचारानं तिचा जीव जास्त तुटला. चुलीपाशी येऊन ती डोकं धरून बसली.

वळचणीला घरटं केलेली पाकोळी खाली उतरली आणि माणसासारखी बोलली, "रडून का धूर कमी होतो, बाई? तीन कामं कर. ओली लाकडं बाहेर ओढ. धुराडं खरवड आणि त्याची काजळी डोळ्यांत घाल. मग झाकण उपटायला लाव. पण ते कायमचं निघायचं तर राजाचाच हात हवा."

भिवरानं पदर खोचला. लाकडं ओढली, तर ती फुसफुसत रडू लागली. "आम्हांला अजून झाड असल्यासारखंच वाटतं," ती म्हणाली. काय करतील बिचारी! ओलं लाकूड जास्त वेळ पुरतं, म्हणून राजाच्या आजोबांपासून ओलंच घालत आले होते. तिनं ती अंगणात उन्हाला लावली आणि निखारेही फावड्यानं बाहेर काढले. मग धुराड्यात शिरली. हातभर काजळी निघाली! काजळीनं आतल्या आत पेट घेतला असता तर महालाची होळी झाली असती. तिनं बोटभर काजळी डोळ्यांत घातली आणि राजकन्येच्या दालनाकडे धावली. तिथं राजा आणि दरबारी जमले होते.

दारातच ती किंचाळली, "अगं बाई गं!"

पोरीच्या उशाशी एक पाहुणा बसला होता. त्याला रंग नाही, वास नाही, सावली नाही. त्याचा तळवा पोरीच्या नाकातोंडावर होता.

"काय पाहिलंस?" राजानं विचारलं.

भिवरानं काजळीचं बोट सरळ राजाच्या डोळ्यांत घातलं. दरबारी हाय हाय करून उठले. आणि राजा पाहतच राहिला.

"कोण तू? माझ्या घरात कुणाच्या हुकमानं बसलास?"

पाहुण्यानं वाकून मुजरा केला. "आपल्या आजोबांच्या, महाराज. निखाऱ्यातून निघालो तो बाहेर जायलाच निघालो होतो. वाट बंद. तीन पिढ्या दार शोधतोय. मिळेना, की जवळ असेल त्याच्या उशाशी बसतो."

"मग मांत्रिकाचा शाप?"

"मांत्रिकानं धुराडं उघडं दिलं होतं. झाकण आपल्या घरचं."

राजाचा चेहरा राखेसारखा झाला. भिवरा ओरडली, "महाराज, उभे काय राहता? पोर जाईल!" असं राजाशी कधी कुणी बोललं नव्हतं. राजा धावला. सत्तर पायऱ्या चढून त्यानं झाकण दोन्ही हातांनी उपटलं आणि खाली भिरकावलं. इकडे भिवरानं फटींतली लोकर ओरबाडून खिडक्या उघडल्या. थंड वारा आत आला, पाहुणा उठला आणि निरोपसुद्धा न घेता धुराड्यातून निघून गेला.

राजा धापा टाकत परतला, तेव्हा मृणालिका खोकत होती. "आबासाहेब, डोकं फुटतंय हो. खिडकी उघडीच राहू द्या."

राजा तिच्यापाशी खाली बसला.

"तुझ्या आईसाहेबही हेच म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "शेवटचं. मी उठलो अन् खिडकी आणखी घट्ट लावली. म्हटलं, ऊब जाईल."

राजाचा राग राग करायचा असं भिवरानं मनाशी ठरवलं होतं, पण आता तिचेच डोळे वाहू लागले. पोर कुडकुडत होती.

"महाराज, गोठ्याच्या माळ्यावर दोन उन्हाळे खाऊन खडखडीत वाळलेली लाकडं आहेत," ती म्हणाली. "वाजवली की टणटणतात. आणू?"

"तू बस तिच्यापाशी," राजा म्हणाला. "मला फक्त सांग, किती आणू?"

"थोडीच. बारीक फोडून. चूल गच्च भरायची नसते."

राजा उठला आणि स्वतः लाकडं आणायला गेला.

शाप असा फिटला. त्या राज्यात पुढं थंडी तेवढीच पडली, पण झोपलेलं माणूस सकाळी उठू लागलं. तसंच ते तुमच्याआमच्या घरी उठो.