गव्हाच्या पानांवरचे रखवालदार

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, एक ससा गव्हाचे शेत करून राहत असे. त्याच्या बांधावरच्या वारुळात एक मुंगी होती. काढणीच्या वेळी सांडलेले दाणे तिचे, असा दोघांचा करार होता आणि त्याच दाण्यांवर तिचे सारे वारूळ पावसाळा काढत असे. मुंगी पानोपान हिंडे. त्यामुळे सशाने कधीही न पाहिलेले शेजारी तिला चांगले ठाऊक होते. जिलबीचे पीठ ज्यांच्यामुळे आंबते, त्या किण्वांची (यीस्टची) पानांवर राहणारी इवली भावंडे म्हणजे हे शेजारी. मावा नावाची कीड पानांवर जो गोड चिकटा सांडी, तो ही भावंडे खाऊन टाकत आणि पानावर तसूभरही जागा मोकळी ठेवत नसत. पाने करपवणाऱ्या करपा नावाच्या बुरशीची बीजे वाऱ्यावरून येत. पण त्यांना ना खायला मिळे, ना टेकायला.

एके सकाळी खालच्या काही पानांवर करप्याचे तपकिरी ठिपके पाहून भित्रा ससा घाबरून धावत सुटला. त्याने माकडाला बोलावले. माकडाने माणसांच्या शेतातून बुरशीनाशकाचा डबा पळवला होता आणि त्या जोरावर ते स्वतःला वैद्य म्हणवून घेत होते. मुंगीने सशाला बजावले, की ठिपक्यांची पाने तेवढी खुडून जाळावीत. बाकीच्या पानांवर रखवाली चालू आहे.

माकडाने एक पान उलटेपालटे करून पाहिले. "कसली रखवाली? इथे तर कोणीच नाही, मुंगीताई."

"तुला दिसत नाहीत, म्हणून नाहीत काय?" मुंगी म्हणाली. "पानांवरची ही किण्वेही बुरशीच्याच कुळातली आहेत. तुझे औषध त्यांनाही मारील."

"मग मरू देत. बुरशी ती बुरशी. निवडत कोण बसतो?"

मुंगी संतापून सशाकडे वळली. पण सशाने माकडाला होकार दिला आणि माकडाने सबंध शेतावर फवारा मारला.

पाने लखलखली. भेटेल त्याला ससा आपले शेत दाखवत सुटला. किण्वे मात्र मेली होती. चिकटा खायला कोणी उरले नाही. तो पानापानांवर साचत गेला. औषधाचा अंमल उतरला, तेव्हा ते पचवून तग धरलेल्या करप्याला ताट आयते वाढलेले मिळाले आणि अडवणारे कोणी नव्हते. ओंब्या भरण्यापूर्वीच शेत करपून गेले. माकड तर केव्हाच दुसऱ्या रानात वैद्यकी करायला निघून गेले होते.

ससा रडत बांधावर आला. "मुंगीताई, तुझ्या त्या रखवालदारांना परत बोलाव ना."

"मारण्यापूर्वी त्यांना एकदा तरी पाहिलेस का?" मुंगीने विचारले. "माझ्या वारुळात पिल्ले उपाशी आहेत. तू घाबरला होतास म्हणून दाणे नाहीत, एवढे त्या पिल्लांना तूच येऊन सांग."

तात्पर्य : शत्रू नेमका कोण, हे ओळखण्याचे कष्ट जो घेत नाही, तो आधी आपल्याच रखवालदारांचा जीव घेतो.