गोजराची तसबीर

कांदळटेंबच्या माउलीच्या देवळात, गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर, लाल कापडात गुंडाळलेली एक तसबीर टांगलेली आहे. पाहुणे ती उघडायला सांगतात. आम्ही उघडत नाही. माझे आजोबा इथले गुरव होते. त्यांनी सांगितले तेवढेच सांगतो.

इंग्रजी अमलातली गोष्ट, असे म्हणतात. गावच्या भिकाजी देसायांच्या मुलीला, गोजराला, एका संस्थानिकाच्या घरून मागणी येणार होती. त्यांनी आधी तिची तसबीर मागवली. देसायांचे नाव मोठे, पण घरातले सोने केव्हाच संपले होते. बेळगावहून तसबीरवाला आला. त्याच्याजवळ रंगवलेल्या महालाचा पडदा होता, मखमली खुर्ची होती. मुलीचा गळा मात्र मोकळा. तेव्हा देसायांनी माउलीच्या अंगावरचे दागिने मागितले.

तेव्हाच्या गुरवाला नाही म्हणवेना. तो एवढेच बोलला, "देसायानू, दागिने काढतना चेडवाक तिच्या नावान हाक मारा. इसरा नको. नायतर आपण कोण, ह्यां तिकाच उमगाचां नाय."

"आता तू मला माझ्या पोरीचं नाव शिकव!" देसाई हसले.

गोजराला ठुशी, चंद्रहार, नथ घालून खुर्चीत बसवले. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला. "पापणीसुद्धा हलवू नका, बाईसाहेब," तसबीरवाला म्हणाला. ती श्वासही घेईना.

"झालं! साक्षात महाराणी!"

देसायांना ते शब्द फार गोड लागले. नथ काढत ते लाडाने म्हणाले, "उठा, राणीसरकार."

ती उठली नाही. सगळे दागिने उतरले, तरी नजर तशीच थिजलेली. मग मात्र बापाने हाका मारल्या. गोजरा, गोजरे, बाय माझे! त्यांचा आवाज बसला. तेव्हा तिने हळूच मान वळवली आणि हे कोणाला हाक मारताहेत म्हणून मागे पाहिले, असे सांगतात.

तसबिरीत दागिने लख्ख उमटले होते. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. मागणी आलीच नाही. पावसाळ्याआधी गोजरा गेली. शेवटपर्यंत तिने कुणाच्या हाकेला ओ दिली नाही, म्हणे.

आजही आमच्याकडे लग्नात फोटो काढून झाले की आई नवरीला घरच्या नावाने हाक मारते. नवरीने ओ दिल्याशिवाय पंगत बसत नाही. परवा खोताच्या मुलीने पहिल्या हाकेला ओ दिली नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला दिली. पण तोवर ती आईकडे बघून अनोळखी माणसाला हसावे तशी हसत होती.