पाडव्याच्या आदल्या दिवसाचं पाणी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे एक राज्य होतं, गोष्ट तिथली आहे. हातात चार अक्षता घेऊन ऐकलीत तर उत्तम. नसल्या तरी हरकत नाही, मन तेवढं जागेवर असू द्या.

त्या राज्यात एक उभा घाट होता. घाटाच्या माथ्यावर उंबर, उंबराखाली मोठा रांजण आणि रांजणाशेजारी एक झोपडी. झरा मात्र पार खाली, दोनशे पायऱ्या उतरून. राजाच्या पणजोबांनी तिथं दगडावर आज्ञा कोरून ठेवली होती: जो कुणी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एक दिवसही खंड न पाडता हा रांजण भरील, तो राजाचा माणूस. झोपडी आणि पोटापुरतं धान्य त्याला हयातभर मिळावं. त्याला कुणी काढू नये.

रांजण साळूबाई भरायची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती इथं आली आणि उंबराला हात लावून तिनं नेम धरला, की आपल्या दारावरून कुणी तहानलेलं जाणार नाही. पुढं तिचे गुडघे कुरकुरू लागले, पण नेम कधी कुरकुरला नाही.

घाटाचा एक कारभारी होता. माणूस हुशार, जिभेवर साखर. दर साली पाडव्याला दोन दिवस उरले, की तो झोपडीशी येई आणि म्हणे, "साळूबाई, उद्या पाणी भरू नको. घरी बस, गुढीची तयारी कर. परवापासून आहेच."

साळूबाईला वाटे, केवढी ही माया. ती त्याच्या लेकरांसाठी देवाला हात जोडी. पण दुसरा दिवस उजाडू लागला की जीव राहत नसे. फाल्गुनाचं ऊन, तापलेल्या गाड्यांच्या रांगा, कडेवर पोर घेतलेल्या बाया. मग ती सूर्य वर यायच्या आत रांजण काठोकाठ भरून टाकी आणि दिवसभर झोपडीत बसून राही. कारभाऱ्याला मात्र कळू देत नसे. एवढ्या प्रेमानं दिलेली सुट्टी आपण मोडली, म्हणून त्याला वाईट वाटायला नको.

अशी एकवीस वर्षं गेली.

पुढच्या पाडव्याला कारभारी आपल्या मेहुण्याला घेऊन आला. म्हणाला, आजपासून रांजण हा बघेल, तू झोपडी रिकामी कर. साळूबाईनं हात जोडून दगडावरच्या आज्ञेकडे बोट दाखवलं. कारभारी हसला आणि त्यानं हजेरीची वही उघडली. "यात एक तरी वर्ष पुरं दाखव, मी आत्ता मेहुण्याला घरी पाठवतो."

दर वर्षाचा शेवटचा दिवस कोरा होता. तेव्हा कुठं साळूबाईला कळलं, की ती माया कसली होती.

ती पंचांकडे गेली. पंच वाईट नव्हते, पण घाईत होते. त्यांनी वही पाहिली, वही खरी निघाली, ते उठले. साळूबाईला कुणी काही विचारलंच नाही.

गाठोडं बांधून ती उंबराखाली बसली असताना नेहमीचा कासार बांगड्यांचं ओझं घेऊन घाट चढून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "पंचांनी वही वाचली, वैनी. घाट कुठं वाचला? राजधानीत उंच आसन आहे. खाली विचारायचं राहिलेलं तिथं विचारतात."

साळूबाई म्हणाली, माझ्या भेगाळलेल्या पायांना तिथं कोण उभं करणार? कासार म्हणाला, "माझ्याकडून बांगड्या भरणाऱ्या राण्यासुद्धा तिथं अनवाणीच उभ्या राहतात. तुझं तर बरंच आहे, वहाणा काढायचेही कष्ट नाहीत."

तिनं रांजण अखेरचा भरला, उंबराला नमस्कार केला आणि सात दिवस चालून राजधानी गाठली. सुनावणीची पाळी यायला पावसाळा सरला. तोवर ती धर्मशाळेत राहिली आणि तिथलंही पाणी तिनंच भरलं.

शेवटी तिला बोलावणं आलं. त्या दालनाला दार नव्हतं. मधोमध एकच लांब दगडी पायरी होती आणि भांडणारे दोघंही त्याच पायरीवर उभे राहत. जरीच्या पागोट्यातला कारभारी आला, त्यानं इकडं तिकडं पाहिलं, पण वरची जागाच नव्हती. साळूबाई अंग चोरून बाजूला होऊ लागली, तेव्हा पहारेकरी हळूच म्हणाला, सरकू नका, पायरी दोघांची आहे.

आसनावर एक वृद्ध न्यायाधीश होते. आवाज अगदी हलका. "बाई, तुमचं म्हणणं सांगा."

साळूबाईनं मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कोण मोठी बाई उभी आहे म्हणून. मागं कुणी नव्हतं. जन्मात तिला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

न्यायाधीशांनी आधी सांगितलं, की पंचांना लहान ठरवायला हे आसन नाही. त्यांचं काय विचारायचं राहिलं, तेवढं इथं पाहायचं. मग कारभाऱ्याचा कागद वाचला गेला, आणि मग साळूबाईचा. दोन्ही एकाच आवाजात.

कारभारी हुशारच. तो म्हणाला, या बाईनं त्या दिवशी पाणी भरलं नसेल, तर तिचं वर्ष तुटलं. भरलं असेल, तर तिनं माझा हुकूम मोडला. दोन्हीकडून तिला काढणं रास्त आहे.

न्यायाधीश साळूबाईकडे वळले. "घाई करू नका. काय खरं आहे?"

तिच्या डोळ्यांपुढं झोपडी आली, उंबर आला. दोन्ही उत्तरांत ते हातचं जात होतं. मग ज्या उत्तरात नेम राहतो, ते तिनं दिलं. "भरलं, महाराज. एकवीसही वर्षं भरलं. कारभारीदादा मायेनं सुट्टी देतात असं वाटायचं, म्हणून त्यांना सांगितलं नाही. दोष असला तर माझा."

एवढं थोर आसन, एवढे मानकरी, आणि सगळे एका घागरीपाशी थांबलेले.

न्यायाधीशांनी दुसरी वही मागवून ठेवली होती, घाटाच्या नाक्यावरची. त्यात आल्यागेल्याची नोंद असे. त्यांनी ती उघडून विचारलं, त्या दिवशी घाट बंद होता का? कारभारी म्हणाला, नाही. साळूबाईंच्या जागी कुणाला नेमलं होतं? कुणाला नाही.

"इथं दर साली, त्याच दिवशी, तुमच्याच अक्षरात लिहिलंय: सर्व वाटसरू सुखरूप उतरले. मग, कारभारी, त्या दिवशी तहानेलाही सुट्टी दिली होतीत का?"

कारभाऱ्यानं पागोटं उतरवून हातात घेतलं.

मग निवाडा झाला. खंड कामात पडला नाही, वहीत पाडला गेला. पाडणाऱ्याला त्याचा लाभ नाही. रांजण कोरडा ठेवायला सांगण्याचा अधिकार दगडावरच्या आज्ञेनं कुणालाच दिलेला नाही. जो हुकूम देताच येत नव्हता, तो मोडल्याचा दोष कसला? झोपडी साळूबाईंची, मधल्या महिन्यांचं धान्य साळूबाईंचं, आणि ते राजाच्या कोठारातून द्यावं. राजाच्या आसनानं राजाच्याच माणसाला चुकलास म्हटलं, आणि त्यावर राजाचीच मोहर उठली. साळूबाईनं हात जोडले. आसनाला जोडले की देवाला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

कारभाऱ्याला काढू नका, त्याला लेकरं आहेत, एवढंच ती म्हणाली. न्यायाधीश हसले. म्हणाले, राहू दे त्याला. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी साळूबाईंनी खरोखरची सुट्टी घ्यायची आणि रांजण कारभाऱ्यानं भरायचा.

फाल्गुन आला. चौथ्या खेपेला कारभारी घागर टेकवून धापा टाकत उंबराखाली बसला. साळूबाई गुढीचा खण तसाच टाकून बाहेर आली आणि वाटसरूसारखी ओंजळ पुढं केली. त्यानं पाणी घातलं.

"साळूबाई, फार जड असते गं ही."

"उतरताना हलकी असते, दादा."

संध्याकाळी त्यानं हजेरीची वही उघडली आणि शेवटच्या दिवसापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं: खंड नाही.

साळूबाईला जशी ती पायरी लाभली, तशी ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही अशा प्रत्येकाला लाभो.

बोध एवढाच: मनापासून केलेली सेवा कुणाच्या वहीनं तुटत नाही, आणि खरा न्याय आधी विचारतो, मग ठरवतो.